चर्चच्या बालवाडीतील शरद ऋतू: पालकांच्या प्रश्नांना उत्तरे

सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे लेबर डे, उलटला की अमेरिकेतील बहुतेक प्रीस्कूलचे वर्ग पुरते मार्गी लागतात आणि तिथून नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंग या आभाराच्या सणापर्यंत मुलांच्या दप्तरातून जवळजवळ रोज एखादा कागद घरी येत राहतो. भोपळ्याच्या शेताची सहल, फोटोचा दिवस, डब्याचे नियम, जॅकेटवर नाव, घ्यायला येणाऱ्यांची यादी. मी स्वतः चर्चतर्फे चालणाऱ्या एका बालवाडीत तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकवते, त्यामुळे हे कागद लिहिणाऱ्यांत मीही असते. सूचना दोन ओळींची असते आणि तिच्यामागचे कारण बहुधा कागदावर मावत नाही. आपली मराठी कुटुंबे अडखळतात ती नेमकी तिथेच. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: मुलीच्या वर्गात ‘नट’ असलेले पदार्थ चालणार नाहीत, अशी सूचना आली होती. आम्ही काजू-बदाम डब्यात देतच नाही, म्हणून निश्चिंत होतो. नवरात्रात एके दिवशी साबुदाण्याची खिचडी दिली, तर शिक्षिकेने डबा उघडून लगेच बंद केला आणि चिठ्ठीसह परत पाठवला. शेंगदाणा म्हणजे नट नव्हे ना? मग आम्ही द्यावे तरी काय?
— एक आई, टेक्सास

उत्तर: वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तुमचे म्हणणे बरोबर आहे, शेंगदाणा हरभरा-वाटाण्याच्या कुळातला. पण शाळा जेव्हा ‘नट’ म्हणते, तेव्हा तिच्या मनात सर्वांत आधी शेंगदाणाच असतो, कारण ज्या मुलांना त्याची तीव्र ॲलर्जी असते, त्यांचा श्वास काही मिनिटांत कोंडू शकतो. आपल्या खिचडीत अडचण अशी की कूट दिसत नाही. तो प्रत्येक साबुदाण्याला चिकटलेला असतो. तीन वर्षांचे मूल खिचडी बोटांनी खाते, तीच बोटे टेबलाच्या कडेला, खुर्चीला आणि खेळायच्या मातीच्या गोळ्याला लागतात, आणि शेजारचे मूल तो गोळा हाताळून आपले बोट तोंडात घालते. तुमच्या मुलीचा डबा परत आला याचे मलाही वाईट वाटते, पण त्या शिक्षिकेच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते.

शेंगदाण्याइतकेच लक्ष तिळाकडे द्यावे. अमेरिकेच्या कायद्यानुसार ॲलर्जी करणारे मुख्य पदार्थ नऊ आहेत: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचाचे प्राणी, काजू-बदाम-अक्रोडाचा वर्ग, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ. यांतला तीळ हा नववा. २०२१ च्या कायद्याने तो यादीत आला आणि १ जानेवारी २०२३ पासून बंद पाकिटातील पदार्थांवर त्याचा उल्लेख बंधनकारक झाला. आता आपले स्वयंपाकघर आठवून पाहा. चकलीत तीळ, बाजरीच्या भाकरीवर तीळ, आणि गोड्या मसाल्यातही तीळ. म्हणजे थर्मासमध्ये दिलेली साधी आमटीसुद्धा त्या यादीत जाते. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, कित्येक घरांत पालेभाजीतही कूट. शिवाय ज्या मिक्सरच्या भांड्यात कूट होतो, त्याच भांड्यात चटणी वाटली तर तीही निर्धोक राहत नाही. खोबऱ्याबाबत एक सांगण्यासारखे आहे: जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नारळाला काजू-बदामाच्या वर्गातून वगळले. तरीही तुमची शाळा काय मानते ते विचारूनच ओले खोबरे वापरावे.

डब्यासाठी तूप-जिऱ्याची फोडणी घातलेला भात, पोळीचा तूप-गूळ लावलेला रोल, लाल भोपळ्याचे घारगे, इडली, बटाट्याची सुकी भाजी असे पुष्कळ पदार्थ उरतात. उपवासाची खिचडीच हवी असेल तर ती कूट न घालता, जिरे-बटाट्याची करावी. मात्र ती कशाची आहे, हे एका चिठ्ठीवर लिहून झाकणाला चिकटवावे. द्राक्षे नेहमी उभी चिरून, चार तुकडे करून द्यावीत, कारण अख्खे द्राक्ष या वयाच्या मुलाच्या घशात घट्ट बसते. वर्गात वाटण्यासाठी दिवाळीचा फराळ मात्र पाठवू नये. घरच्या पदार्थावर घटकांचे लेबल नसते, म्हणून बहुतेक शाळा तो स्वीकारतच नाहीत, आणि आपण हौसेने केलेले लाडू शाळेच्या कचऱ्यात गेलेले पाहणे फार जिवावर येते. त्याऐवजी कागदी आकाशकंदील करायचे साहित्य पाठवावे. मुले ते मनापासून करतात.

ज्यांच्या स्वतःच्या मुलाला ॲलर्जी आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अपंगत्वासंबंधीच्या ज्या संघराज्यीय कायद्याच्या आधारे खासगी बालवाड्यांकडे अशा मुलांसाठी सोय मागता येते, त्यातून धार्मिक संस्था चालवत असलेल्या शाळांना सूट आहे. अनेक चर्च-शाळा आपण होऊन सर्व काही करतात, पण ते गृहीत धरू नये. डॉक्टरांच्या सहीची योजना, औषधाचे इंजेक्शन कुठे ठेवणार आणि ते कोण देणार, हे पहिल्या आठवड्यातच लेखी ठरवावे.

प्रश्न: आमचा चार वर्षांचा मुलगा आता घरीही जेवणाआधी हात जोडून, डोळे मिटून इंग्रजीत प्रार्थना म्हणतो आणि शेवटी ‘आमेन’ म्हणतो. गावाकडे व्हिडिओ कॉलवर आजीने ते ऐकले आणि ती गप्प झाली. शाळा चांगली आहे, जवळ आहे. आम्ही काय करावे?
— एक वडील, न्यू जर्सी

उत्तर: सरकारी शाळेने मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच दिला, पण चर्चची बालवाडी खासगी असते आणि तिला हे बंधन नाही. खाऊच्या आधीची प्रार्थना, आठवड्यातून एकदा चर्चच्या मुख्य सभागृहात गोष्ट आणि गाणी, नाताळापूर्वी येशूजन्माचे छोटे नाटक, हे अशा शाळेच्या दिनक्रमाचाच भाग असते. काही प्रीस्कूल केवळ चर्चची जागा भाड्याने घेतात आणि त्यांत यातले काहीच नसते. म्हणून प्रवेशाच्या वेळी ‘मुले आठवड्यात काय काय म्हणतात आणि ऐकतात’, असा सरळ प्रश्न विचारावा. याचे उत्तर द्यायला कोणतीही चांगली संचालिका कचरत नाही.

तुमच्या मुलाविषयी सांगायचे, तर त्याने धर्म बदललेला नाही. जेवण्यापूर्वी थांबायचे असते, एवढे तो शिकला आहे. जेवणाआधी श्लोक म्हणण्याची रीत आपल्याही घरांत होती आणि गडबडीत ती आपणच सोडली. त्याला रागावू नका, ‘आमेन’ म्हणू नकोस असेही सांगू नका. त्याचे म्हणून झाले की आजीला व्हिडिओ कॉलवर श्लोक म्हणू द्या आणि त्यालाही तो शिकवू द्या. माझ्या वर्गातल्या एका मराठी मुलीने खाऊच्या वेळी एकदा असा श्लोक आपण होऊन म्हटला होता. बाकीची अकरा मुले हात जोडून ऐकत राहिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या दोघांनी तो पुन्हा मागितला. तरीही एखाद्या कार्यक्रमात मुलाने भाग घेऊ नये असे तुम्हांला वाटत असेल, तर तसे आधी कळवण्यात काहीही गैर नाही.

प्रश्न: नातवाला शाळेने घरून पाच रंगीत पाने आणायला सांगितली आहेत. पाने लाल का होतात, असे तो मला विचारतो. शिवाय या ऋतूला मराठीत काय म्हणावे: शरद की पानगळ?
— मुलाकडे ओहायोला आलेले एक आजोबा

उत्तर: आजोबा, तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. महिने पाहिले तर शरदच, कारण आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू. पण पानगळ पाहिली तर तो आपला शिशिर. महाराष्ट्रातली जंगले माघ-फाल्गुनात उघडी पडतात. तिकडे पाने झडतात ती पाण्याच्या ओढीने, इकडे दिवस लहान होऊन थंडी जवळ आल्यामुळे. तेव्हा नातवाला दोन्ही शब्द द्यावेत.

रंगाचे कारण असे की पानातले हिरवे द्रव्य झाड मोडून टाकते आणि त्यातले उपयोगी घटक खोडात परत घेते. पिवळा-नारिंगी रंग पानात उन्हाळाभर असतोच, तो आता उघडा पडतो. लाल रंग मात्र बहुधा याच दिवसांत नव्याने तयार होतो. वसंतात कुसुमाची किंवा पिंपळाची कोवळी पालवी तांबूस दिसते, ती याच जातीच्या रंगद्रव्याने. आपल्याकडे झाड जन्माला येताना लाल, इथे निरोप घेताना. मुलाला हे चित्र चटकन समजते.

पाने गोळा करताना एक काळजी अवश्य घ्यावी. पॉयझन आयव्ही नावाची वेल इथे झाडांच्या बुंध्यांवर आणि कुंपणांवर चढते, तिच्या एकेका देठावर तीन-तीन पर्णिका असतात आणि शरदात ती इतकी सुंदर लाल होते की मुलाचा हात आधी तिच्याकडेच जातो. ती बिब्ब्याच्या कुळातली आहे; बिब्बा अंगावर उततो तसेच तिचे तेल उतते, आणि वाळलेल्या पानातही ते तेल टिकून राहते. वेलीवरचे, तीन पर्णिकांचे कोणतेही पान घेऊ नये. मॅपलची आणि ओकची जमिनीवर पडलेली पाने घ्यावीत आणि ती एक रात्र वर्तमानपत्रात, जड पुस्तकाखाली ठेवावीत. मग पान उलटे ठेवून वर पातळ कागद धरायचा आणि मेणाचा खडू आडवा घासायचा. शिरा एकेक करून उमटू लागल्या की नातवाचा चेहरा पाहा.

प्रश्न: कडाक्याच्या थंडीत शाळा म्हणते, मुलाला जाड जॅकेट द्या, आणि गाडीत बसवताना तेच जॅकेट काढा म्हणते. हा काय प्रकार आहे?
— एक आई, इलिनॉय

उत्तर: दोन्ही सूचना पाळाव्यात. फुगीर जॅकेटवरून कार-सीटचे पट्टे आवळले की ते घट्ट वाटतात, पण ते आवळलेले असतात जॅकेटमधल्या हवेवर. धडक बसली की ती हवा दबते, पट्टे सैल पडतात आणि मूल त्यांतून पुढे फेकले जाऊ शकते. घरी करून पाहा: जॅकेट घालून मुलाला बसवा, पट्टे नीट आवळा, मग पट्ट्यांची लांबी न बदलता त्याला उतरवा, जॅकेट काढा आणि पुन्हा बसवा. जी ढिलाई दिसेल ती पाहून तुम्ही पुन्हा कधी जॅकेटवर पट्टे लावणार नाही. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येऊ नये आणि छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत असावी. पट्टे लावून झाल्यावर तेच जॅकेट उलटे करून पांघरुणासारखे अंगावर घालावे.

जॅकेट, टोपी आणि हातमोज्यांची प्रत्येक जोडी यांवर नाव लिहावे. निळी जॅकेटे वर्गात पाच असतात. तापाबद्दलही अनेकांनी विचारले आहे: १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल तर मुलाला पाठवू नये आणि औषधाशिवाय २४ तास ताप न आल्यावरच परत आणावे, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. सकाळी औषध देऊन सोडलेल्या मुलाचा ताप दहा-साडेदहाला पुन्हा चढतो आणि ते पोर कोपऱ्यात निपचित बसून राहते, हे मी कितीदा पाहिले आहे. फ्लूची लस ऑक्टोबर संपण्यापूर्वी घेतलेली बरी. नऊ वर्षांखालच्या मुलाची पहिलीच वेळ असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, हे लक्षात घेऊन बालरोगतज्ज्ञांची वेळ ठरवावी.

प्रश्न: शाळा हॅलोविन साजरा करत नाही म्हणते, पण चर्चच्या आवारात ‘ट्रंक-ऑर-ट्रीट’ आहे. मुलाला मावळा व्हायचे आहे. तलवार चालेल का?
— एक आई, नॉर्थ कॅरोलायना

उत्तर: तलवार चालणार नाही, मावळा जरूर चालेल. ३१ ऑक्टोबर ही १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या, आणि हॅलोविन हे नावही त्यावरूनच आले आहे. तरी भुताखेतांचा भाग नको म्हणून अनेक चर्च ‘सुगीचा उत्सव’ असे नाव देतात. लुथरन चर्चमध्ये तर हा दिवस मार्टिन ल्यूथर यांच्या १५१७ मधल्या धर्मसुधारणेच्या स्मरणाचा असतो. ट्रंक-ऑर-ट्रीटमध्ये कुटुंबे आपापल्या गाडीची डिकी सजवून आवारात ओळीने उभी राहतात आणि मुले एका डिकीकडून दुसऱ्या डिकीकडे जातात. रस्ता ओलांडावा लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

शस्त्रे, मुखवटे आणि भीतिदायक रंगरंगोटी बहुतेक बालवाड्यांत निषिद्ध असते. फेटा बांधाल तो डोळ्यांवर घसरणार नाही असा, शिवलेला असावा. सुरवार घोट्याच्या वर असावी आणि मुलाला ती शौचालयात स्वतः काढता यावी. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, कारण नाड्याच्या गाठीपुढे रडकुंडीला आलेले मूल मी दरवर्षी पाहते. मिळालेल्या खाऊतल्या कडक गोळ्या, नट आणि पॉपकॉर्न चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नयेत. मार्शमेलो आणि गमी यांत बहुधा जिलेटिन असते, हे शाकाहारी घरांनी पाहून घ्यावे. काही डिक्यांजवळ निळसर-हिरवा भोपळा दिसेल. तिथे खाऊऐवजी स्टिकर किंवा लहान खेळणी मिळतात. ॲलर्जीच्या मुलांसाठीची ही खूण २०१४ पासून देशभर पसरली. आपल्या डिकीपुढेही तसा एक भोपळा ठेवावा, असे मी सुचवेन.

प्रश्न: माझे सासरे नातीला आणायला गेले, तर शाळेने तिला त्यांच्याकडे दिले नाही. त्यांचा फार अपमान झाला.
— एक सून, कॅलिफोर्निया

उत्तर: त्यांना झालेले दुःख मी समजू शकते. पण दारातल्या शिक्षिकेसमोर एकच कागद असतो: लेखी परवानगी असलेल्यांची यादी. नात ‘आजोबा’ म्हणून धावत गेली तरी त्या यादीत नाव नसेल तर तिला सोडता येत नाही. भारतातून आई-वडील येणार असतील तर ते येण्याआधीच त्यांची नावे पासपोर्टवर आहेत तशीच लिहून द्यावीत, ओळखपत्र म्हणून पासपोर्ट चालेल का ते विचारावे आणि पहिल्या दिवशी स्वतः सोबत जाऊन ओळख करून द्यावी.

प्रश्न: नोव्हेंबरमध्ये वर्गात थँक्सगिव्हिंगचे जेवण असते. निम्मी मुले काळ्या टोप्या घालून पिलग्रिम होतात, निम्मी कागदी पिसांचे मुकुट घालून ‘इंडियन’. गेल्या वर्षी शिक्षिका प्रेमाने म्हणाल्या, ‘ही तर खरीच इंडियन!’ घरी आल्यावर मुलीने विचारले, ‘आई, आपण पिसे का घालत नाही?’ मला उत्तर सुचले नाही. यंदा धाकटा त्याच वर्गात आहे.
— एक आई, पेनसिल्व्हेनिया

उत्तर: मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तिला सांगावे की फार वर्षांपूर्वी, १४९२ मध्ये, कोलंबस नावाचा खलाशी आपल्या भागात येण्यासाठी निघाला आणि इकडच्या बेटांवर पोहोचला. इथल्या लोकांना त्याने आपल्या भागाचे नाव देऊन टाकले. ते चुकीचे नाव राहून गेले. म्हणून आपण भारतातले, आणि ते इथले, या जमिनीचे पहिले लोक. चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढे नीट कळते.

आता जेवणाविषयी. ज्या प्रसंगाची ही नक्कल असते तो १६२१ च्या शरदातला, आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्लिमथचा. मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून आलेल्या १०२ जणांपैकी (यांनाच पिलग्रिम म्हणतात) सुमारे निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले होते. उरलेल्यांनी सुगी साजरी केली तेव्हा तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांचे प्रमुख मासासॉइट सुमारे नव्वद माणसांसह आले, त्यांनी पाच हरणे आणली आणि तीन दिवस मेजवानी चालली. त्या वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लो यांनी लिहिलेल्या पत्रात हे सारे थोडक्यात आले आहे. मुले घालतात तसे मोठ्या पिसांचे मुकुट वाम्पानोआग लोकांचे नव्हेत. ते पश्चिमेकडच्या मैदानी जमातींचे, आणि तिथेही ते मानाने मिळवावे लागतात. पुढच्या काळात वाम्पानोआग लोकांनी जमीन गमावली, माणसे गमावली. १९७० पासून त्यांच्यातले अनेक जण थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथमध्ये शोकदिन पाळतात. हे कळल्यावर कागदी पिसे कापणे मला स्वतःला जमेनासे झाले. आमच्या वर्गातही ती पूर्वी होती, आणि ती बंद झाली ती एका पालकाने पाठवलेल्या शांत, चार ओळींच्या पत्रामुळे.

म्हणून तुम्हीही लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तक्रारीचा सूर नको. गेल्या वर्षी मुलीने घरी काय विचारले ते जसेच्या तसे लिहा, शिक्षिकेचा हेतू चांगला होता हेही लिहा, आणि पर्याय सोबत द्या. एक पर्याय आमच्याकडे छान रुजला आहे: भिंतीवर तपकिरी कागदाचे निष्पर्ण झाड लावायचे, घरोघरी एकेक कागदी पान पाठवायचे आणि मुलाला कशाबद्दल ‘थँक यू’ म्हणावेसे वाटते ते पालकांनी त्याच्याच शब्दांत, हवे तर मराठीतही, पानावर लिहून द्यायचे. ‘आजीचा फोन’, ‘माझे लाल बूट’, ‘चंदू मांजर’ असे लिहिलेली पाने एकेक करून लागत जातात आणि जेवणाच्या दिवसापर्यंत झाड भरते. शाकाहाराचे म्हणाल तर टर्की वेगळी कळते, पण तिच्यासोबतच्या पावाच्या सारणात आणि ग्रेव्हीत मांसाचा रस असतो; तेव्हा फळांचे ताट आणण्यासाठी यादीत आपले नाव आधीच लिहावे, म्हणजे मुलाला खाण्यासारखे काही तरी नक्की असते.

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो, पण टोप्या आणि मुकुटांचे कागद शिक्षिका महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच कापून ठेवतात. तुमचे पत्र ऑक्टोबरच्या अखेरीस, ट्रंक-ऑर-ट्रीटच्या गडबडीच्या दोन दिवस आधी, त्यांच्या हाती पडेल असे पाहावे.